न नेलेले फ्रॉक

या मित्रांनो, पडदा सारून आत या. दचकू नका, समोर दिसताय ते तुम्हीच आहात. मी आहे तो भिंतीला टेकून उभा असलेला, कडेने काळे डाग पडलेला, माणसाच्या उंचीचा जुना आरसा. या शिवणकामाच्या दुकानातल्या ट्रायल रूममध्ये माझी बहुतेक हयात गेली. आज मी तुम्हाला माझी गोष्ट सांगणार आहे. तुम्ही लहान आहात म्हणून काही गाळणार नाही, कारण गाळलं की काय होतं ते मी पाहिलंय.

माझा जन्म काचेच्या कारखान्यातला. भट्टीतून निघालो तेव्हा मी साधी काच होतो, अगदी आरपार. मग एका कारागिराने माझ्या पाठीला चकचकीत मुलामा दिला, त्यावर गडद रंगाचा हात मारला, आणि मागचं दिसायचं बंद झालं. जे समोर येईल ते जसंच्या तसं परत द्यायचं, एवढंच माझं काम उरलं. त्यात मी कधी कसूर केली नाही. निदान एका दुपारपर्यंत तरी माझी तशी खात्री होती.

पहिली नोकरी केस कापायच्या दुकानात लागली. तिथे समोरच्या भिंतीवर माझ्याच मापाचा दुसरा आरसा होता. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसायचो. त्याच्यात मी, माझ्यात तो, पुन्हा त्याच्यात मी, असं करत करत पार लांबवर हिरवट अंधार. त्या अंधारात मला अधूनमधून कुणाची तरी पाठ दिसायची. दुकानात तर चिटपाखरू नसायचं. एकदा मी धीर करून समोरच्याला विचारलं, 'कोण रे ते?' तो म्हणाला, 'मला वाटलं, तुझ्याकडचं कोणीतरी आहे.' त्यानंतर आम्ही तो विषय काढला नाही.

पुढे ते दुकान मोडलं आणि हातगाडीवर पडून, आभाळ अंगावर घेऊन, मी इथे आलो. इथे मास्तर कापड बेततात आणि त्यांची बायको शिवते. सगळी गिऱ्हाइकं त्यांना मास्तर आणि वहिनी म्हणतात, मीही तेच म्हणतो. राहायला दोघं वरच्या मजल्यावर. मास्तरांनी मला भिंतीला किंचित मागे कलवून ठेवलंय. त्याने माणूस जरा बारीक दिसतो. 'वहिनी, कपडा काय सुरेख बसलाय!' असं बायका म्हणायच्या तेव्हा निम्मं श्रेय माझं असायचं. पण आरशाला शाबासकी कोण देतो?

वहिनींना मूल नव्हतं. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर त्यांनी एका संस्थेतून काही महिन्यांची मुलगी दत्तक घेतली. घरी आणल्या आणल्या वहिनी तिला घेऊन आधी माझ्यासमोर आल्या. 'बघ गं, कोण आहे आत? बघ, कोण आहे?' असं म्हणता म्हणता त्यांना रडू फुटलं. पोर काडीसारखी बारीक आणि सगळ्यांना टोचेल अशी बोलायची, म्हणून तिचं नाव पडलं टाचणी. ती दुकानातल्या चिंध्यांत वाढली.

तिच्यापासून दत्तक असल्याचं लपवलं नव्हतं. 'तू दुसऱ्या एका आईच्या पोटातून आलीस आणि मग आमची झालीस,' हे तिला कळत्या वयापासून पाठ होतं. पण गाडी त्यापुढे जायची नाही. 'ती कुठाय? कशी दिसते? माझ्यासारखी दिसते का?' असं टाचणीने विचारलं की वहिनींचं मशीन एकदम जोरात चालायला लागायचं. मास्तर म्हणायचे, 'जा, खेळ जा.' मग टाचणी पडदा ओढून माझ्यासमोर येऊन बसायची. स्वतःच्या भुवया बघायची, कान ओढून बघायची. नाक कुणाचं, हनुवटी कुणाची, तिला कोण सांगणार?

टाचणी शाळेत जायला लागली त्या वर्षी एक नवं गिऱ्हाईक आलं. दुपारची वेळ होती, टाचणी शाळेत होती. साधीशी बाई, हातात पिशवी. तिला लहान मुलीचा फ्रॉक शिवून हवा होता. आमच्याकडे रीत अशी, की मूल बरोबर नसेल तर मापासाठी त्याचा जुना कपडा आणायचा. तिने पिशवीतून एक विटलेला फ्रॉक काढला. त्याला डांबरगोळ्यांचा वास होता.

'मुलीलाच आणा ना, म्हणजे नीट बसवून देता येईल,' वहिनी म्हणाल्या.

'तिला नाही जमायचं यायला.'

'बरं. मग दोन बोटं वाढवून शिवते. पोरं भराभर वाढतात.'

'नको,' ती बाई म्हणाली. 'याच मापाचा शिवा. तसूभरही वाढवू नका.'

तिने सगळे पैसे तेव्हाच दिले, जुना फ्रॉक घडी करून पुन्हा पिशवीत घातला आणि गेली. नवा फ्रॉक न्यायला मात्र ती आलीच नाही. वाट बघून वहिनींनी तो ट्रायल रूममधल्या खुंटीला, माझ्या अगदी समोर, टांगून ठेवला.

पुढच्या वर्षी शाळा सुरू व्हायच्या आधी ती पुन्हा आली. या वेळी मापाचा फ्रॉक जरा मोठा, पण तसाच विटलेला, तसाच वास. 'अहो, मागचा न्यायचा राहिलाय तुमचा,' वहिनी म्हणाल्या. 'राहू द्या,' ती म्हणाली. असं दर वर्षी होऊ लागलं. दुकानात तिचं नावच पडलं, न नेणारी. माझ्यासमोर उभं राहून स्वतःकडे न बघणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली, ती हीच. मापाचा फ्रॉक द्यायला पडद्याशी यायची तेव्हाही माझ्याकडे पाठ करायची.

वहिनींनी मनाशी ठरवूनच टाकलं, की हिची पोर गेलेली असणार. 'जुने कपडे काढते, नवे शिवते, आणि न्यायला कुणी नाही. दुसरं काय असणार?' मास्तर कुरकुरले, 'आपण दुकान चालवतो की गोदाम?' वहिनी म्हणाल्या, 'राहू द्या हो. शिवून घेण्यातच बिचारीला बरं वाटत असेल.' आणि त्या फ्रॉकना गळपट्टी लावताना त्या अनोळखी पोरीसाठी त्यांनी चक्क डोळे पुसलेले मी पाहिलेत.

मित्रांनो, ते फ्रॉक माझ्यासमोर ओळीने टांगलेले असायचे. प्रत्येक फ्रॉक आधीच्यापेक्षा थोडा लांब. दुकानातला पंखा लागला की बाह्या हलायच्या. एक पोर माझ्यासमोर वर्षावर्षाने उंच होत होती, फक्त तिच्या आत कोणी नव्हतं. मी आरसा, मला डोळे मिटता येत नाहीत. मला भीती वाटायची, हे मी सरळ सांगतो.

आता त्या दुपारचं ऐका. टाचणी तेव्हा आठ वर्षांची होती. शाळेतून लवकर आली, पडदा ओढला, खुंटीवरचा सगळ्यांत नवा फ्रॉक काढला आणि अंगात घातला. तो असा बसला, की जणू तिच्या अंगावरच बेतलाय. खांदा खांद्यावर, कंबर कंबरेवर, कुठे चुणी नाही की ओढ नाही. इतकी वर्षं मी कपडे बसताना बघतोय, पहिल्या फटक्यात असा कपडा कुणाला बसत नाही. आणि ती हे पहिल्यांदा करत नव्हती. आधीचे फ्रॉकही त्या त्या वर्षी तिला असेच बसले होते. ती गुपचूप घालायची, बघायची, काढून ठेवायची. पण त्या दुपारी ती बोलायला लागली.

'आलीस का?' टाचणीने माझ्यात बघून विचारलं.

'आले,' दुसरा आवाज म्हणाला. जाडसर, बाईमाणसाचा.

'आज उशीर केलास.'

'तू शाळेत होतीस ना. जेवलीस का गं?'

ओठ टाचणीचेच हलत होते, ते मी बघत होतो. आवाज काढायची नक्कल मुलं करतात, हेही मला माहीत आहे. पण हा आवाज तिने कुठून आणला? तो काही वहिनींचा नव्हता, शाळेतल्या बाईंचाही नव्हता. आणि उत्तर देताना टाचणी स्वतःच्या डोळ्यांत बघत नव्हती. माझ्यात, स्वतःच्या खांद्याच्या जरा वर, बघत होती.

बाहेर मशीन थांबलं होतं. वहिनींनी खसकन पडदा ओढला.

'काढ तो! आधी काढ म्हणते ना!' त्यांनी फ्रॉक इतक्या जोरात ओढला की पाठीचा हूक तुटून पडला. 'मेलेल्या पोरीचा कपडा आहे तो, कळतं का तुला?'

'ती मेली नाहीये,' टाचणी शांतपणे म्हणाली. 'तिनेच सांगितलं मला.'

'कोणी?'

टाचणीने माझ्याकडे बोट केलं. वहिनींनी वर बघितलं. मी समोर होतं तेच दाखवलं: एक पांढरीफटक पडलेली बाई आणि बनियनवरची एक पोर. पण वहिनी बघत होत्या ती त्या दोघींच्या मधली रिकामी जागा होती. मीही तिथे बघितलं. आणि काय दाखवतोय याची मला पहिल्यांदा खात्री वाटेना.

त्याच संध्याकाळी माझ्यावर जुनी, विरलेली चादर पडली; तिच्यातून मला नुसत्या सावल्या दिसायच्या. फ्रॉक गाठोड्यात बांधून माळ्यावर गेले. कापडाच्या आतला तो काळ वाईट होता. कोणी पुसत नव्हतं, कोणी बघत नव्हतं. आणि टाचणी चादरीशी येऊन बोलायला लागली. हाताचा पंजा चादरीवर ठेवायची आणि कुजबुजायची. माझी पाठ भिंतीला टेकलेली, ती वर्षभर गार असते. त्या दिवसांत ती कोमट लागायची, जसं काही पलीकडूनही कोणीतरी हात ठेवलाय.

पोर जेवेना. शाळेत तिने सांगितलं, 'मला दोन आया आहेत. एक घरी आहे आणि एक चादरीखाली.' शाळेतून बोलावणं आलं. मास्तर जाऊन आले आणि दिवसभर त्यांनी कात्री हातात धरली नाही.

अशात संस्थेच्या मॅडम दुकानात आल्या. टाचणी शाळेत होती. मॅडम स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, 'टाचणीला जन्म देणारी आई आमच्याकडे आली होती. वर्षातून एकदा तिला मुलीला भेटायचंय, मी समोर बसलेली असताना. आईबाप तुम्ही आहात, ठरवायचं तुम्ही. नाही म्हणालात तर तेही उत्तरच आहे, कोणी जबरदस्ती करणार नाही. महिनाअखेरीपर्यंत सांगा.' मग त्या जरा घुटमळल्या. 'आणखी एक सांगायला हवं. तुमचं घर तिला आधीच कळलं होतं. ती शेजारच्या गावी राहते, आणि तुमचं गाव एवढंसं, लोक बोलतात. ती तुमच्या दुकानात येऊन गेलीय. तिनेच कबूल केलं. चुकलं म्हणाली, पुन्हा विचारल्याशिवाय पाऊल ठेवणार नाही म्हणाली.'

'आमच्या दुकानात? कोण?'

'दर वर्षी फ्रॉक शिवायला टाकायची ना, ती. मापाचे जुने फ्रॉक तिचे स्वतःचे. लहानपणचे. तिच्या आईने जपून ठेवलेले.'

वहिनींनी वर माळ्यावरच्या गाठोड्याकडे बघितलं. मग एकदम उसळल्या, 'माझ्या घरात येऊन, माझ्याच हातून, माझ्याच लेकीला कपडे शिवून घेतले? आणि मी त्या पोरीसाठी रडले हो! मेली समजून रडले! माझीच होती ती!'

संध्याकाळी मास्तरांनी एका वाक्यात निकाल लावला. 'नाही म्हणून कळव. उद्या पोर तिच्या मागे निघाली तर आपण काय करायचं?' वहिनींनाही तेच हवं होतं. आईपण कुणाला वाटून द्यायचं म्हणजे काय चेष्टा आहे? चादरीच्या आतून मला त्यांचं म्हणणं पटत होतं. जी बाई चोरपावलांनी आली तिला दार का उघडायचं?

पण भिंतींना कान असतात आणि टाचणीला तर चारचार. दुसऱ्या दिवशी ती चादरीपाशी आली. वहिनी पलीकडे बटणं लावत होत्या, मध्ये फक्त पडदा होता.

'तुला नको म्हणाले ते,' टाचणी म्हणाली.

जाडसर आवाज म्हणाला, 'बरं. मग मी इथेच राहते.'

वहिनींच्या हातातला बटणांचा डबा जमिनीवर सांडला. बटणं घरंगळत माझ्या पायाशी आली. त्या आत आल्या, टाचणीला उचलून घेतलं आणि तशाच उभ्या राहिल्या. पोर आता उचलण्याएवढी लहान नव्हती, पाय लोंबत होते, तरी त्यांनी खाली ठेवलं नाही.

त्या दिवशी दुकानातच दोघांचं बोलणं झालं. 'अहो, नाही म्हटल्याने ती कुठे गेली?' वहिनी म्हणाल्या. 'ती आत येऊन बसलीय. आपण गप्प बसलो, ती वाढली. चादर टाकली, आणखी वाढली. खरी बाई मला चालेल. खऱ्या बाईला दारातून ये म्हणता येतं, वेळ झाली की जा म्हणता येतं. हिला मी कशी घालवू?'

'आणि टाचणीला ती जास्त आवडली तर?' मास्तरांनी विचारलं. हे विचारताना त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

'मग मी रडेन,' वहिनी म्हणाल्या. 'पण ही इथे चादरीशी बोलत मोठी झाली तर काय करू?'

मास्तर उठले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्यावरची चादर ओढून काढली.

दुकानाच्या सुट्टीचा दिवस ठरला. सकाळची वेळ, दार उघडं, भरपूर उजेड. मॅडमच्या मागोमाग ती आली, हात रिकामे. टाचणी शिवणयंत्राच्या मागे लपली होती. वहिनी म्हणाल्या, 'ये बाळा बाहेर. कोणी तुला नेणार नाहीये.' मग ती आली आणि त्या बाईला वरून खालपर्यंत बघून म्हणाली, 'तू आरशातली का?'

'नाही गं,' ती बाई म्हणाली. 'मी बसने आले. उभ्याने. पाय भरून आलेत.' आणि तिला जोरात शिंक आली.

'तुला सर्दी झालीय?'

'हो. चार दिवस झाले.'

'आरशातलीला कधीच सर्दी होत नाही,' टाचणी म्हणाली आणि जरा जवळ सरकली. 'मला का दिलंस?'

ती बाई खाली बसली, टाचणीच्या उंचीला आली. 'तेव्हा मला घर नव्हतं आणि पाठीशी माणूसही नव्हतं. तुला सांभाळणं मला जमत नव्हतं. हे खरं आहे. तू रडायचीस आणि मीही रडायचे.'

'मग फ्रॉक का शिवलेस?'

'तू केवढी झालीस ते मला कळत नव्हतं. म्हणून माझे काढून बघायचे.'

टाचणीने तिचा हात धरून तिला पडद्याच्या आत आणलं. तेव्हा कुठे त्या बाईने पहिल्यांदा माझ्यात बघितलं. मी दोघींना परत दिलं, एक तसूही कमीजास्त न करता. तेच कान, तीच जुळलेली भुवई. मागे वहिनी उभ्या होत्या. त्यांनीही ते बघितलं आणि त्यांचा चेहरा कसनुसा झाला. 'माझं काहीच नाही हिच्यात,' त्या म्हणाल्या.

ती बाई वळली. 'बोलते बघा कशी,' ती म्हणाली, 'तोंडाच्या एका कोपऱ्यातून. ओठांत टाचण्या धरून तुम्ही बोलता ना, अगदी तशी.' वहिनींना हसू आलं, रडूही आलं, आणि त्यांनी दोन्ही येऊ दिलं.

मॅडमनी वेळ झाली म्हटल्यावर ती बाई मुकाट्याने उठली. पुढच्या वर्षीचा दिवस वहिनींनी स्वतः सांगितला. ती रस्त्याच्या वळणापर्यंत दिसली, मग दिसेनाशी झाली. टाचणी तिच्या मागे धावली नाही. ती सरळ आत आली आणि तिने पडदा ओढला.

बाहेर वहिनी आणि मास्तर जागच्या जागी उभे राहिले. मला पडद्याखालून त्यांची पावलं दिसत होती.

टाचणी माझ्यासमोर उभी राहिली आणि स्वतःच्या खांद्याच्या जरा वर बघत म्हणाली, 'ऐक. ती आली होती. खरी. आता तू जा.'

जाडसर आवाज आला नाही. टाचणीने वाट बघितली, मीही बघितली. आणि मित्रांनो, माझी पाठ हळूहळू गार पडत गेली. भिंतीइतकी गार झाली तेव्हा टाचणीने पडदा उघडला आणि ओरडली, 'आई, भूक लागलीय!'

भेट द्यावी की देऊ नये, हे मी जुना आरसा सगळ्यांसाठी कसं सांगू? एखाद्या घरात भेटीने लेकराला इजा होणार असेल, तर तिथे नाहीच म्हणावं. पण तेही लेकराला समोर बसवून, त्याच्या डोळ्यांत बघून सांगावं. आणि बाळांनो, तुमच्या मनात असा प्रश्न असेल तर घरच्यांना विचारा, मशीन कितीही जोरात चालू असलं तरी विचारा. आम्हा आरशांना फार काही लागत नाही. कधीतरी ओल्या फडक्याने पुसा, पुरे. फक्त आमच्यावर चादर टाकू नका. आत जे येऊन राहतं, त्याला एकट्याने सांभाळणं आम्हाला झेपत नाही.